उजवीकडून की डावीकडून?

चंदीगडचा नकाशा समोर ठेवून सेक्टरांचे क्रमांक वाचू लागले, की एक गोष्ट लक्षात येते. ७ ते १२ ही ओळ उजवीकडून डावीकडे जाते. मूळ आराखड्यात १३ हा क्रमांक गाळलेला होता. तिच्याखालची १४ ते १९ ही ओळ डावीकडून उजवीकडे येते आणि २० ते २५ ही पुन्हा उलट फिरते. तासाच्या टोकाशी वळून नांगर परत यावा, तसा हा क्रम आहे. म्हणून १७ च्या खाली २२ येतो आणि १६ च्या खाली २३. दिशा बदलते खरी, पण ती आधीच ठरलेली असल्यामुळे पत्ता शोधणाऱ्याची फसगत होत नाही.

डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडविलेल्या 'सी' या संगणकभाषेत मात्र एका ठिकाणी दिशा मुद्दामच ठरविलेली नाही. फलनाला कामासाठी ज्या किमती पुरवावयाच्या, त्यांना आर्ग्युमेंट म्हणतात. त्या कंसात स्वल्पविराम देऊन लिहितात. त्यांपैकी कोणती किंमत आधी काढावयाची, हे भाषा सांगत नाही. ते कंपायलरवर, म्हणजे आपली आज्ञावली यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनावर, सोपविलेले असते.

समजा, क ची किंमत १६ आहे आणि आपण 'दाखव(क, क++)' असे लिहिले. 'क++' याचा अर्थ, क ची आताची किंमत द्या आणि मग क एकाने वाढवा. डावीकडून आरंभ केल्यास १६ आणि १६ मिळतील. उजवीकडून केल्यास १७ आणि १६. मग बरोबर उत्तर कोणते?

भारतातील अनेक महाविद्यालयांत १९८७ साली आलेले 'टर्बो सी' दीर्घकाळ वापरात होते. ते आर्ग्युमेंटे सामान्यतः उजवीकडून हिशेबात घेई. याला कारणही होते. किमती स्मृतीतील चळतीवर उजवीकडून रचल्या, की पहिले आर्ग्युमेंट नेहमी वरच्या, ठराविक जागी सापडते. आर्ग्युमेंटांची संख्या निश्चित नसलेल्या 'प्रिंटएफ'सारख्या फलनाला याचा फार उपयोग होतो. परंतु एका यंत्राची ही सोय पुढे भाषेचा नियम म्हणून शिकविली जाऊ लागली. परीक्षेत 'उत्तर काय येईल?' असे विचारून १७ आणि १६ लिहिणाऱ्याला गुण मिळाले. वस्तुतः प्रश्नच चुकीचा होता. केर्निहॅन आणि रिची यांनी १९७८ सालच्या आपल्या ग्रंथातच अशा लेखनाविषयी सावध केले होते.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. दोन आर्ग्युमेंटांच्या जागी दोन निरनिराळी फलने असतील, तर आधी कोणते चालेल हे सांगता येत नाही. पण एक पूर्ण झाल्यावरच दुसरे चालते. याला अनिर्दिष्ट क्रम म्हणावे. आपल्या उदाहरणातील दोष याहून गंभीर आहे. एकाच क चे वाचन आणि बदल यांच्यात पूर्वापरसंबंधच नाही. १९८९ च्या अमेरिकी प्रमाणकाने अशा वर्तनाला अपरिभाषित ठरविले. अपरिभाषित म्हणजे दोनांपैकी एक उत्तर नव्हे. त्यातून काय निघेल याविषयी भाषा कोणतेही वचन देत नाही. असे काही आज्ञावलीत घडणारच नाही, असे गृहीत धरून कंपायलर तिची काटछाट करू शकतो. 'जीसीसी' आणि 'क्लँग' हे आजचे दोन प्रसिद्ध कंपायलर अशा ठिकाणी पुष्कळदा निरनिराळ्या दिशांनी जातात. त्यामुळे वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेली आज्ञावली कंपायलर बदलताच चुकीचे आकडे देऊ लागते आणि दोष नव्या यंत्राच्या माथी मारला जातो.

'जावा'ने डावी दिशा निश्चित केली आहे. 'सी++'च्या २०१७ च्या प्रमाणकात एका आर्ग्युमेंटाचे काम दुसऱ्यात मिसळणार नाही एवढी हमी मिळाली, तरी आधी कोणते हे मोकळेच राहिले. 'सी'मध्ये तेवढीही हमी नाही. तेथे उपाय साधा आहे: क ची किंमत वेगळ्या नावाने जपून ठेवावी, दुसऱ्या ओळीत क वाढवावा आणि तिसऱ्या ओळीत फलनाला बोलवावे. अर्धविरामाने संपणाऱ्या अशा ओळींचा क्रम मात्र भाषेने बांधून दिलेला आहे.