बारा सायकली, आठ याद्या

सायकलीच्या कारखान्यात प्रत्येक प्रकारच्या सायकलीला लागणाऱ्या सामानाची यादी असते. तिला ‘बिल ऑफ मटेरियल’ म्हणतात. भांडारातून सामान निघते ते या यादीवरूनच.

समजा, २०, २२ व २४ इंची फ्रेमच्या सायकली काळ्या, हिरव्या, लाल व निळ्या रंगांत करायच्या आहेत. प्रकार झाले ३ × ४ = १२. मग याद्याही बारा का? तसे केले, तर ब्रेकचे रबर बदलताच बाराही याद्या दुरुस्त कराव्या लागतील. एक जरी राहिली, तरी त्या सायकलींना जुनेच रबर बसेल!

आता नीट पाहा. साखळी, पेडल, ब्रेक, घंटी यांचा रंगाशी वा फ्रेमच्या उंचीशी संबंध नाही. त्यांची एकच समाईक यादी करू. न रंगवलेल्या फ्रेमच्या, उंचीप्रमाणे, तीन याद्या; आणि रंग व त्याला शोभणारी नावाची पट्टी यांच्या चार. १ + ३ + ४ = ८. उंची पाच व रंग दहा झाले, तर ५० ऐवजी १६! गुणाकाराच्या जागी बेरीज आली आणि ब्रेकचे रबर एकाच यादीत राहिले.

रंग शेवटी दिल्याने आणखी एक लाभ होतो. न रंगवलेली फ्रेम कोणत्याही रंगाच्या मागणीला चालते. इटलीतील बेनेटन कंपनीने १९७० च्या दशकात स्वेटर आधी बिनरंगी लोकरीचे विणून, मागणी पाहून मग रंगवले, ते याच विचाराने.

तुमचे बॉलपेन उघडा. शाईचा रंग बदलला, तर त्यातील कोणते भाग बदलतील? यादी करून पाहा.