पार्ट बदलण्याआधी मीटर उचला : एकतारीच्या प्रीअँपने शिकवलेला धडा

व्हिडिओमध्ये एकतारीचं प्रीअँप उघडून दाखवलं होतं. त्याचेच मुद्दे इथे लिहून देतोय, म्हणजे काम करताना समोर ठेवता येतील.

आधी माझी चूक सांगतो. एका भजनी मंडळाच्या गृहस्थांनी घरीच इलेक्ट्रिक एकतारी बनवली होती. भोपळ्याच्या आत पिझो डिस्क आणि सोबत TL072 आयसीचं, 9 व्होल्ट बॅटरीवर चालणारं छोटं प्रीअँप. आवाज येत होता, पण पत्र्यासारखा. खर्ज गायब! मी काहीही न मोजता आयसी बदलला. मग कपॅसिटर, मग जॅक. दोन संध्याकाळी गेल्या आणि त्यांचा कार्यक्रमही हुकला. शेवटी सापडलं काय? 1 मेगओमच्या जागी 10 किलोओमचा रेझिस्टर! पैसे घ्यायला तोंड नव्हतं.

असं का झालं ते समजून घ्या. 27 मिमीची पिझो डिस्क साधारण 20 नॅनोफॅरडच्या कपॅसिटरसारखी वागते. तिच्यापुढे 10 किलोओम लावला की सुमारे 800 हर्ट्झच्या खालचा आवाज दबत जातो. 1 मेगओम लावला की हीच सीमा 8 हर्ट्झवर येते, म्हणजे खर्ज पूर्ण मिळतो. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे 10 किलोओम, तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे 1 मेगओम. फरक फक्त एका पट्टीचा!

आता क्रम लक्षात ठेवा.

1. आधी लक्षण विचारा. आवाज पूर्ण बंद असेल तर बॅटरी, जॅक, तुटलेली वायर बघा. फाटका असेल तर बॅटरी आणि बायस. पातळ असेल तर इनपुटचा रेझिस्टर. सतत 'घूं' येत असेल तर ग्राउंड आणि शिल्डिंग. मी हे विचारलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं.

2. बॅटरी सर्किट चालू ठेवून मोजा. नुसती सुटी मोजली तर दमलेली बॅटरीही चांगली दिसू शकते. बऱ्याच सर्किटमध्ये स्टिरिओ जॅकच स्विचचं काम करतो, म्हणून केबल लावूनच मोजायचं. केबल रात्रभर लागलेली राहिली तर बॅटरी उतरते, हे ग्राहकालाही सांगा.

3. आयसीच्या पिना मोजा. काळी प्रोब ग्राउंडवर. पिन 8 वर बॅटरीइतके व्होल्ट, पिन 4 वर शून्य, पिन 1 वर साधारण निम्मे, म्हणजे 4.5. पिन 3 वर कमी दिसलं तर घाबरू नका. तिथे 1 मेगओम असल्यामुळे मीटरच व्होल्टेज खाली ओढतो. स्वस्त मीटरवर आकडा निम्म्यावरही येतो.

4. बॅटरी काढून रेझिस्टर मोजा. व्होल्टेज सगळे बरोबर आले म्हणजे सर्किट बरोबर, असं नाही. माझ्या केसमध्ये सगळे आकडे बरोबरच होते!

5. सोल्डर तपासा. लाकडी काडीने जोड हळूच हलवा. खरखर आली तर तो जोड पुन्हा गरम करा.

एवढं झाल्यावरच पार्ट बदलायचा, तोही एका वेळी एकच. आणि मेन लाइनवर चालणारा अॅम्प्लिफायर या धड्यात उघडायचा नाही. त्यात धोका आहे.

आता धंद्याचं बोलू. बीबीएला कॉस्टिंग शिकलो होतो, पण स्वतःच्या वेळेची किंमत मला या एकतारीने शिकवली. रेझिस्टर काही पैशांचा, माझ्या दोन संध्याकाळी कितीच्या? तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. तपासणीचे पैसे वेगळे, आणि ते वस्तू हातात घेण्याआधीच सांगायचे. दुसरं, वहीत प्रत्येक कामाची ओळ : लक्षण, मोजलेले आकडे, सापडलेला दोष, लागलेला वेळ. पुढच्या वेळी तसंच लक्षण आलं की वही उघडायची. उद्या मदतनीस ठेवलात तर हीच वही त्याला शिकवेल.

आजचा गृहपाठ : तुमचं काम दुरुस्तीचं असो वा शिलाईचं, शेवटच्या तीन तक्रारी लिहा. पुढे लिहा, तुम्ही आधी तपासलं की आधी बदललं? उत्तर प्रामाणिक असू द्या. भेटू पुढच्या धड्यात!