यंत्राच्या चिपला वीज किती व कशी द्यावी?

डहाणू तालुक्यात चिंचणी, वरोर या पट्ट्यात दागिन्यांचे डाय कोरण्याचे काम घरोघरी चालत आले आहे. हाताच्या कोरणीच्या जोडीला आता सीएनसी यंत्रेही आली आहेत. तलासरीकडील कित्येक मुले उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत अशाच यंत्रांवर राबतात. ऐन लग्नसराईत यंत्र अडले की ऑर्डर जाते, आणि मेकॅनिक "कार्ड गेले, नवे घ्या" असे सांगून मोकळा होतो. आमच्या पाहण्यात मात्र अनेकदा असे आले की कार्ड शाबूत असते, दोष त्याच्या पॉवर सप्लायचा असतो. म्हणून कारागीर बंधूंसाठी या विषयाची थोडी माहिती देत आहोत.

अशा अनेक कार्डांवर प्रोग्रॅमेबल लॉजिक चिप असते. तिच्या लहान प्रकारास सीपीएलडी व मोठ्या प्रकारास एफपीजीए म्हणतात. मोटारीला केव्हा व किती पावले फिरायचे, हा हुकूम तीच देते. डहाणूच्या औष्णिक केंद्राची क्षमता ५०० मेगावॅट आणि आपल्या घरातील वीज २३० व्होल्ट. पण या चिपच्या गाभ्याला पुष्कळदा अवघे १.२ व्होल्ट लागतात.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. चिपवरचा नंबर वाचून तिची डेटाशीट पाहावी. जुन्या सीपीएलडीपैकी काही ५ व्होल्टच्या, तर काही ३.३ व्होल्टच्या आहेत. एफपीजीएला बहुधा दोन-तीन वेगळे व्होल्टेज लागतात : उदाहरणार्थ गाभ्याला १.२, सहायक भागाला २.५ आणि बाहेरच्या पिनांना ३.३. गाभ्याच्या १.२ व्होल्टमध्ये सहसा ५ टक्केच फरक चालतो, म्हणजे १.१४ ते १.२६. अंदाजाने सप्लाय जोडणे म्हणजे चिप हातची घालवणे होय.

दुसरी गोष्ट करंटची. तो चिपच्या नावावर नव्हे, तर आत भरलेल्या प्रोग्रॅमवर व त्याच्या वेगावर ठरतो. कंपन्या त्यासाठी हिशेबाचे तक्ते देतात. येणाऱ्या आकड्यावर तिसरा हिस्सा तरी जास्त धरावा, कारण चालू होताना काही चिपा क्षणभर अधिक करंट ओढतात.

तिसरी गोष्ट उष्णतेची. समजा ५ व्होल्टमधून १.२ व्होल्ट, १ अँपिअर हवा आहे. साधा लिनिअर रेग्युलेटर ५ वॅट घेतो, १.२ वॅट चिपला देतो व उरलेले ३.८ वॅट उष्णतेत घालवतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मे महिन्यात, तो टिकेल कसा? ८५ टक्के कार्यक्षमतेचा स्विचिंग रेग्युलेटर हेच काम सुमारे १.४ वॅटमध्ये करतो. करंट अगदी थोडा असेल, तर मात्र लिनिअरच स्वस्त व शांत.

चौथी गोष्ट जागेची. १.२ व्होल्ट दुरून वायरीने आणू नये. वायरीचा रोध ०.०५ ओहम असला तरी १ अँपिअरला ०.०५ व्होल्ट वाटेतच जातात व बहुतेक सवलत संपते. रेग्युलेटर चिपशेजारीच असावा. प्रत्येक सप्लाय पिनेजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि जवळच एखादा मोठा कपॅसिटर हवा.

पाचवी गोष्ट क्रमाची. अनेक एफपीजीए दर वेळी चालू होताना आपला प्रोग्रॅम शेजारच्या मेमरीतून वाचून घेतात. त्याच वेळी व्होल्टेज अडखळत चढले, तर वाचन फसते. यंत्र एकदा चालू होते, एकदा होत नाही, याचे हे एक मोठे कारण आहे. कोणते व्होल्टेज आधी द्यावे, हे डेटाशीटमध्ये दिलेले असते.

मोटारीचा व चिपचा सप्लाय शक्यतो वेगळा ठेवावा. नाहीतर स्पिंडल सुरू होताच व्होल्टेज बसते आणि अर्धा कोरलेला डाय वाया जातो. अर्थिंग तपासून घ्यावे.

यापुढे कोणी नवे कार्ड घ्यायला सांगितले, तर आधी मल्टिमीटर लावून चिपच्या पिनेजवळच व्होल्टेज मोजावयास सांगा. एकदा यंत्र उभे असताना आणि एकदा स्पिंडल चालू असताना. मल्टिमीटर क्षणिक घसरण दाखवत नाही, त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो. २३० व्होल्टच्या बाजूला जाणकार इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावू नये. मोजणी पाच मिनिटांची आहे. तेवढ्याने कार्डाचे पैसे आणि ऑर्डर, दोन्ही वाचू शकतात.