उसाचं कळणारं लेकरू

दहावीचा निकाल लागला की आपल्या तेलगावात घरोघरी एकच प्रश्न फिरतो, "लातूरला टाकायचं का?" टक्के कमी असले तर आवाज जरा खाली येतो, एवढंच. लातूर, मग कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, मग हिंजवडी. आपण उन्हात राबलो, लेकरानं पंख्याखाली बसावं. यात वाईट ते काय?

फक्त या घाईत लेकराला विचारायचं राहतं. विचारलंच, तर त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत आपण फॉर्म भरून मोकळे होतो. ते गप्प बसतं, अन् आपल्याला वाटतं, पटलं त्याला.

चित्रं काढत बसलेल्या पोराला "यानं पोट भरतं का?" असं आपण सगळेच म्हणतो. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणच्या दादासाहेब भगतांचं पोट त्यानंच भरलं. आयटीआय करून ते पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉय म्हणून लागले, तिथं राहून डिझाइन शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी आले तर नेटवर्क मिळेना, म्हणून डोंगरावरच्या गोठ्यात बसून डिझाइनचं काम सुरू ठेवलं.

अँटिव्हायरस बनवणाऱ्या क्विक हीलचे कैलास काटकर दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले. थोरल्याला गिऱ्हाईक कळायचं, धाकट्याला प्रोग्राम. 2016 साली त्यांची कंपनी शेअर बाजारात आली. दोघांनाही बळंच एकाच क्लासला घातलं असतं तर?

पण ही नावं लेकराला ऐकवताना जरा जपून. "बघ, त्यानं गोठ्यात बसून केलं, तुला सगळं देऊन..." हे वाक्य आपल्या तोंडात तयारच असतं. ते गिळलेलं बरं.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते बारामतीचं काम. तिथल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसात एआय आणलं. जमिनीत ओल मोजणारे सेन्सर, बांधावर हवामान केंद्र, वरून उपग्रहाचे फोटो. अन् पाणी कधी, खत किती, हा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर. आता हे यंत्राला शिकवायला नुसता प्रोग्रामर पुरत नाही. उपग्रहाला पान पिवळं दिसतं. तो केवडा आहे की पाण्याचा ताण, हे फडात उतरलेल्या माणसानं सांगावं लागतं. तो सल्ला बांधावरच्या माणसाला समजेल अशा मराठीत लिहावा लागतो. सेन्सर बंद पडला तर चिखलात जाऊन दुरुस्त करणारा लागतो. लावण, खोडवा, तुरा हे शब्द आपल्या लेकरांना शिकवावे लागत नाहीत. गावात सुंदरराव सोळंकेंच्या नावाचा साखर कारखाना आहे. असा ऊस कळणारा माणूस पुण्याच्या कंपनीनं शोधायचा कुठं?

तोडणीला जाणाऱ्या घरांत तर दुखणं वेगळंच. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर, शाळा अर्ध्यात. गुरुजी म्हणतात लेकरू मागं पडलं, ते खोटं नाही. पण कर्नाटकातल्या फडावर राहून तेच लेकरू कानडी बोलायला लागलेलं असतं, मुकादमाचा हिशेब तोंडी करतं. याची नोंद कुठल्या गुणपत्रिकेत नसते. निदान आपण तरी अशा पोरीला "माय, छान बोलतीस की" म्हणावं.

अन् पोरींचं? 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या बऱ्याच घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारनं माफ केली. तरी आपला पाय अडतोच. खोली कुठली, सोबत कोण, इंग्रजी जमंल का, लोक काय म्हणतील. ही भीती खोटी नाही, तिला नावं ठेवू नका. पण रात्री दोघांनीच कुजबुजण्यापेक्षा पोरीसमोर बोला. तिलाही तीच भीती वाटत असते, अन् एखाद्या मैत्रिणीच्या होस्टेलचा फोन नंबरही तिच्याचकडं असतो.

दमून आल्यावर लांबलचक बोलणं होत नाही, ठाऊक आहे. "किती मार्क पडले?" ऐवजी "आज काय खोलून बघितलंस?" एवढं विचारून पाहा. मोटारीचा स्टार्टर खोलला म्हणाला तर आधी बटण बंद होतं का ते विचारा, मग रागवायचं ते रागवा.