वरून चकाचक, आतून कच्चा: वेल्डिंगमधल्या पाच चुका

व्हिडिओत रॉड कसा चालवायचा ते पाहिलंत. इथे त्यामागची कारणं आणि आकडे देतोय. वहीत उतरवून घ्या.

आधी माझीच चूक सांगतो. ऊसतोडीचा हंगाम होता. दुकानासमोर ट्रॉली उभी, दांडीला चीर. गिऱ्हाईक घाईत, मीही घाईत. चिरेवरून जाड वेल्डिंग मारली, ग्राइंडर फिरवला, काळा रंग दिला. जोड एकदम देखणा! आठ दिवसांनी तीच ट्रॉली परत आली. "भाऊ, तुमचा जोड आठ दिवसबी टिकला नाही." दांडी शेतातच तुटली म्हणून निभावलं. भरलेली ट्रॉली गंगाखेड रोडला सुटली असती, तर मागच्या दुचाकीवाल्याचं काय झालं असतं?

जोड कापून पाहिला. वरचा थर पक्का, खाली जुनी चीर तशीच, मध्ये काळी खपली अडकलेली.

1. खाच न करता वेल्डिंग मारणं. जाड पत्र्यात किंवा चॅनेलमध्ये वरून मारलेला माल मुळापर्यंत पोचत नाही. चीर जिथे संपते तिथे 3-4 मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ग्राइंडरने साधारण 60 अंशाची व्ही खाच करा. पहिला थर 12 नंबरच्या, म्हणजे 2.5 मिमी रॉडने. वरचे थर 10 नंबरने, म्हणजे 3.15 मिमी.

2. खपली न काढता दुसरा थर देणं. प्रत्येक थरानंतर चिपिंग हातोडी आणि तारेचा ब्रश. खपली आत राहिली की जोड तिथूनच फाटतो.

3. करंटचा अंदाज चुकणं. 6013 रॉडला 2.5 मिमीसाठी साधारण 60 ते 90 अँपिअर, 3.15 साठी 90 ते 130. पाकिटावरची रेंज अंतिम समजा. कमी करंटला रॉड चिकटतो, माल नुसता वर बसतो. जास्त करंट आणि लांब आर्क असेल तर जोडाच्या कडेला नाली पडते. हाच अंडरकट. चीर पुढे तिथूनच सुरू होते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की सकाळच्या सेटिंगवर विसंबू नका. आधी भंगार तुकड्यावर रॉड चालवून बघा.

4. दमट रॉड, गंजका माल. पावसाळ्यात उघडं पाकीट ओल धरतं. ओल, तेल, रंग, गंज यांचा गॅस होतो आणि जोडात बारीक भोकं पडतात. रॉड बंद डब्यात ठेवा. जोडाची जागा आधी घासून चकचकीत करा.

5. गरम जोडावर पाणी ओतणं. घाईत सगळेच करतात. लोखंड एकदम थंड झालं की कडक होतं, तडकू शकतं. हवेवरच थंड होऊ द्या.

एक जोडसूचना: अर्थिंग दांडीवरच, जोडाजवळ लावा. चाकाकडे लावली तर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब होतं.

तपासणी कशी? पाण्याच्या टाकीला एका बाजूने खडू फासा, दुसऱ्या बाजूने रॉकेल लावा. खडूवर डाग उमटला की गळती सापडली. दांडीसाठी डाय पेनेट्रंटचे तीन डबे मिळतात. लाल रेघ उमटली की चीर आहे. पण ही तपासणी वर उघडलेली चीरच दाखवते, आतली खपली नाही. म्हणून पायऱ्या सोडू नका.

आता धंद्याचं गणित. माझी दुसरी दुरुस्ती फुकट गेली. रॉड, वीज, अर्धा दिवस, वर गिऱ्हाइकाचा विश्वास. खाच करायला लागणारा वेळ भाव सांगतानाच धरा. "नुसतं वरून मारून दे" म्हणणाऱ्याला दांडीच्या कामात हात जोडून नाही म्हणा. ग्रिलचा जोड सुटला तर तक्रार येते. दांडीचा सुटला तर जीव जातो.

गृहपाठ: दोन तुकडे टी आकारात एकाच बाजूने जोडा. व्हाइसमध्ये धरून जोडाच्या बाजूला वाकवत तोडा आणि आत बघा. तुमचं वेल्डिंग खरं कसं आहे ते तिथे दिसेल.