पाड्यावर संगणक देण्यापूर्वी



“पाड्यावरच्या मुलांना लॅपटॉप द्यायचे आहेत, कोणते घ्यावेत?” असे अनेक मंडळ्यांतून विचारले जाते. इच्छा उत्तमच आहे. पण बुरूज बांधणाऱ्याचा दाखला (लूक 14:28-30) इथेही लागू पडतो. तो हिशेब कसा करायचा हे कळावे म्हणून, गरीब मुलांसाठीच बनवलेल्या एका लहान संगणकाचा आपण अभ्यास करू.

2005 साली अमेरिकेतील प्राध्यापक निकोलस निग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्याच वर्षी ट्यूनिस येथे दाखवलेल्या नमुन्याला वीज तयार करण्यासाठी हाताने फिरवायची मूठ होती. फोटो सगळीकडे छापून आले. 2007 मध्ये ‘एक्सओ’ नावाने प्रत्यक्ष यंत्र आले तेव्हा मूठ नव्हती आणि किंमत शंभर नव्हे, 190 डॉलरच्या आसपास होती.

तरीही यंत्र विचारपूर्वक घडवलेले होते, हे मान्य केले पाहिजे. वजन दीड किलोच्या आत. साडेसात इंची पडदा भर उन्हातही वाचता येई, म्हणजे झाडाखाली भरणाऱ्या वर्गातही चालेल असा. कळफलक अखंड रबराचा, त्यामुळे धूळ-पाणी आत जात नसे. आत फिरणारी डिस्क नव्हती, पंखाही नव्हता. म्हणून हातातून पडला तरी बिघडण्याचा संभव कमी. वीज इतकी कमी लागे की सौर पट्टीवर किंवा गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीवरही चार्ज होई. इंटरनेट नसले तरी जवळपासचे संगणक आपापसांत जोडले जात. कॅमेरा आणि मायक्रोफोनही होता.

आपल्या महाराष्ट्रात 2007 सालीच कर्जतजवळच्या खैराट गावच्या एकशिक्षकी शाळेत तो प्रयोग म्हणून आला. भारतात मात्र तो फार पसरला नाही. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली. तेथील 319 ग्रामीण शाळांची पाहणी 2012 साली प्रसिद्ध झाली. सुमारे सव्वा वर्षाच्या वापरानंतरही गणित व भाषेच्या गुणांत वाढ दिसली नाही. सर्वसाधारण विचारशक्तीच्या चाचण्यांत मात्र थोडी प्रगती आढळली. माझ्या मते दोष यंत्राचा कमी आणि वाटपाचा जास्त. वाटप झाले की काम संपले, असे धरले गेले. शिक्षकाच्या तयारीला तेवढे महत्त्व मिळाले नाही.

आपल्या ‘आकाश’ टॅबलेटची गोष्ट उलटी. ऑक्टोबर 2011 मध्ये तो आला, सरकारला सुमारे सव्वादोन हजारांना पडला. पण पडदा जोराने दाबावा लागे आणि बॅटरी तीन तासही धड टिकत नसे. पुढच्या वर्षी सुधारित ‘आकाश-2’ आणावा लागला. स्वस्त यंत्र कुठे काटकसर करते ते यातून दिसते: पडदा आणि बॅटरी.

म्हणून दुकानात गेल्यावर प्रोसेसरच्या आकड्यांआधी विचारा: बॅटरी बदलता येते का? तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते का? देवनागरी टंकलेखन आहे का? मंडळीतील कोणी जुना लॅपटॉप देत असेल तर डिस्क काढून एसएसडी घालून घ्या. खर्च थोडा आणि धक्क्यांची भीती कमी. नेट नसेल तिथे किविक्ससारख्या साधनाने मराठी विकिपीडिया पेन ड्राइव्हवर भरून देता येतो.

भाषेचा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. आपली मुले घरी भिली, कातकरी, वारली, पावरी बोलतात. संगणकातले धडे पुस्तकी मराठीत. पहिलीतल्या मुलाला त्यातले बरेच परके असते. इथे मायक्रोफोन कामी येतो. आजीची गोष्ट मुलांनी तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावी, मग देवनागरीत टंकून वाचावी. यासाठी दहा यंत्रे लागत नाहीत. एक चांगले यंत्र आणि आठवड्यातून दोन तास देणारी ताई किंवा गुरुजी पुरतात.

ज्या मंडळ्या यंदा दान देणार आहेत, त्यांनी खरेदीआधी वसतिगृहात एक रात्र मुक्काम करावा. वीज किती वाजता जाते, परत कधी येते, चार्जिंगचे प्लग किती आहेत आणि कुलपाचे कपाट आहे का, हे लिहून आणावे. यादी ठरवताना तो कागद समोर ठेवावा.