गारपीट म्हणजे छाटणी नव्हे

पालकहो,

तुमची मुलं दर रविवारी उपासनेआधी तासभर माझ्यापुढे बसतात, म्हणून तुमच्याशी मोकळेपणानं बोलायचं धाडस करते आहे. घरावर संकट येतं तेव्हा आपण मुलांशी देवाबद्दल काय बोलतो आणि त्यासाठी पवित्र शास्त्राचा आधार कसा घेतो, याबद्दल मला बोलायचं आहे.

२६ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारीच, आपल्या नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली. ऑक्टोबरात गोडी छाटणी झालेल्या द्राक्षबागा तेव्हा फुलोऱ्यात होत्या, काही नुकत्या मणी धरू लागल्या होत्या. मांडवाखाली पानांचा खच पडला, घडांच्या जागी नुसते देठ राहिले, काड्यांची साल जागोजागी सोलून निघाली. गारांतून जे वाचलं त्याला पुढच्या ओलीत डावणी आणि घडकूज लागण्याची भीती. सोसायटीचं कर्ज आणि औषधाच्या दुकानातली उधारी मोठ्यांना दिसत होती. मुलांना एवढंच दिसत होतं की बाबा नीट जेवत नाहीत आणि आई कुणाशी फारशी बोलत नाही. पुढच्या रविवारी वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, आम्ही रोज बागेसाठी प्रार्थना करायचो. मग?"

त्या 'मग?'ला घरोघरी काय उत्तरं मिळाली, तीही मला मुलांकडूनच कळली. कुणाला सांगितलं होतं की आपली प्रार्थना कमी पडली. कुणाला सांगितलं होतं की घरात कुणाचं तरी पाप आहे. आणि बऱ्याच जणांना सांगितलं होतं की देव आपली छाटणी करतो आहे.

हे शेवटचं उत्तर ऐकायला फार भक्तीचं वाटतं, म्हणून त्याच्याशीच थोडं थांबते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो आणि फळ देणाऱ्या फांदीची छाटणी होते असं सांगतो. दिंडोरी तालुक्यातल्या मुलांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी वेगळी, ऑक्टोबरची गोडी छाटणी वेगळी, हे त्यांना शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. माळी काडीपाशी उभा राहतो, डोळे मोजतो, कुठं कात्री लावायची ते ठरवतो. गार असं काही ठरवत नाही, ती फळकाडी आणि वांझ काडी सारखीच झोडपते. बागेत वाढलेल्या मुलाला आपण या दोन्हींना एकच नाव दिलं, तर ते आपल्या तोंडावर बोलणार नाही, पण मनात म्हणेल की हा माळी काही मला ओळखीचा वाटत नाही. त्या अध्यायात छाटणी आहे, गारपिटीचं नाव नाही. जे शास्त्र सांगत नाही ते त्याच्या तोंडी घालायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही.

देव मोडलेल्या वेलीतूनही फूट काढतो, हे मी जीव तोडून मानते. पण ते मागाहून, डोळ्यांत पाणी आणून सांगायचं असतं. आदल्या दिवशी बाग गेलेल्या माणसाच्या ते तोंडावर मारायचं नसतं.

पापाचं उत्तर तर शास्त्र स्वतःच खोडून काढतं. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर चांगले मित्र होते. तोंड उघडल्यावर ते एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगत राहिले, की तू काहीतरी केलं असशील. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या मित्रांवर, आरडाओरडा करणाऱ्या ईयोबावर नाही. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारलं की पाप कुणाचं, याचं की आईबापाचं, तेव्हा येशूनं दोघांचंही नाही असं सांगितलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती इतरांहून जास्त पापी नव्हती, हेही त्यानंच लूकाच्या तेराव्या अध्यायात सांगितलं. एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना आपण लेकरांना "तू खोटं बोललास म्हणून देवानं..." असं म्हणतो, तेव्हा आपणच शास्त्राच्या विरुद्ध जातो. बाप रागात असला म्हणून ते वाक्य खरं ठरत नाही.

शास्त्राचा अधिकार आम्ही मानतो, असं आपण सगळेच म्हणतो. मग ते सगळं मानायला हवं. आपल्या बहुतेक घरांत भिंतीवरच्या कॅलेंडरवर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन असतं, देवाच्या मनात आपल्या हिताचेच विचार आहेत असं सांगणारं. फार गोड वचन आहे. त्याच्याच आधीच्या ओळीत सत्तर वर्षं आहेत. हे वचन बाबेलला बंदिवासात गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे, आणि त्यांतल्या कित्येकांना मायदेशी परत येणं बघायला मिळणार नव्हतं. मुलांना अकराव्या वचनाबरोबर दहावंही वाचून दाखवा. वचन फिकं पडत नाही, उलट सत्तर वर्षं टिकून राहण्याइतकं ते मजबूत आहे हे मुलांना कळतं. नाहीतर लेकरू असं धरून चालतं की पुढच्या हंगामापर्यंत भाव मिळायला हवा, आणि नाही मिळाला की देवाचा शब्द खोटा.

आणि रडण्याची स्तोत्रं का वगळतो आपण? दीडशे स्तोत्रांत गाऱ्हाण्यांचा वाटा फार मोठा आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा म्हणून एक ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवापुढे असंही बोलता येतं. हबक्कूक संदेष्टा देवाला सरळ जाब विचारतो आणि उत्तरासाठी पहाऱ्यावर उभा राहतो. त्याच्या पुस्तकाच्या शेवटी नापिकीची यादी आहे, अंजीर, जैतून, शेत, गोठा, आणि त्यात द्राक्षवेलही नावानिशी आहे. सगळं गेलं तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन, असं तो म्हणतो. हे म्हणायला त्याला तीन अध्याय लागले. मुलाला तिसऱ्या अध्यायावर थेट नेऊन ठेवू नका, त्याला पहिला अध्याय जगू द्या.

पंडिता रमाबाईंची गोष्ट घरात सांगता का? शाळेच्या पुस्तकातल्या धड्यापलीकडची? तरुणपणी दुष्काळात भटकताना त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८२ मध्ये पती गेले, कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण त्यांना विश्वासात आणणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रातून किती कडाक्याचा वाद झाला! चर्चचे अधिकारी सांगतात म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या, देवाच्या वचनात काय आहे ते स्वतः वाचून ठरवणार, हा त्यांचा हट्ट. मला तो हट्ट फार मोलाचा वाटतो. शास्त्राचा अधिकार आणि वडीलधाऱ्यांचा अधिकार एक नाही, हे त्यांना कळलं होतं. मग त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या स्वतःच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलचं मराठी भाषांतर करायला बसल्या, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा भाषेत. मिशनच्याच छापखान्यात तिथल्या बायका-मुलींनी ते छापलं. ज्या मिशननं दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली वाढवल्या, तिथलंच हे काम. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या, आणि ते काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. लेकीच्या मरणाचा अर्थ त्यांना कळला होता असं मी म्हणत नाही. ज्याच्यावर भरवसा होता त्याचं वचन हातात धरून त्या रोज कामाला बसल्या, एवढं खरं.

वडिलांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. विश्वास आहे म्हणून खचायचं नाही, असं कुठंही लिहिलेलं नाही. एलीया संदेष्टा झाडाखाली बसून मरण मागत होता. देवानं त्याला उपदेश केला नाही. आधी झोपू दिलं, मग भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. पुढचा प्रवास झेपणार नाही म्हणून खा, एवढंच देवदूतानं सांगितलं. तुम्हाला रात्र-रात्र झोप येत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते घरात बोला, पाळकसाहेबांशी बोला, डॉक्टरांकडे जा. औषध घेणं अविश्वास नाही, पीकविमा काढणंही नाही. बाप मदत मागतो हे मुलांनी पाहिलेलं बरं. उद्या त्यांच्यावर वेळ आली तर तीही मागतील.

वचन काठीसारखं वापरू नका, ही माझी कळकळीची विनंती. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना आईबापांचं ऐकण्याची आज्ञा आहे, आणि तिच्या पाठोपाठ बापांनाही आहे, मुलांना चिडीला आणू नका अशी. पहिली सगळ्या घरांत पाठ असते. दुसरी वाचून दाखवणारा बाप मुलांना भेटला, की आपल्या बापाच्या वरही कुणीतरी आहे हे त्यांना दिसतं. शास्त्राचा अधिकार याहून चांगला कसा शिकवणार?

जबरदस्तीनं विश्वास येत नाही, हे आपल्या नाशिककरांना तरी ठाऊक हवं. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशानं नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आल्यावर त्यांना तो खाली ठेववेना. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, इथल्याच जलालपूरच्या, पाच वर्षं त्या वाटेला आल्या नाहीत. आल्या त्या स्वतःच्या विचारानं, १९०० मध्ये. आणि पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांनीच पुरं केलं. तुमचा मोठा मुलगा उपासनेला यायला कुरकुर करत असेल तर त्याला वेळ द्या, त्याच्यासाठी गुडघे टेका, पण घराबाहेर काढायची धमकी देऊ नका.

वचनांची ओळख मात्र लहानपणीच करून द्या. नाशिकमधल्या शरणपूरच्या मिशनमध्ये गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शिकत असत. त्यांतला एक, जेकब वेनराईट. १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथंच झाडाखाली पुरलं गेलं, आणि दफनविधीचं वाचन सोबत असलेल्या या जेकबनं केलं. जवळ कुणी पाळक नव्हता. नाशिकला शिकलेलं तिथं कामी आलं.

सुरुवात कुठून करायची असं बऱ्याच आयांनी विचारलं आहे. लहानांसाठी तेरावं स्तोत्र घ्या, सहाच वचनं आहेत आणि पहिल्याच वचनात प्रश्न आहे. दहा-बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी मार्काचं शुभवर्तमान, रोज अर्धा अध्याय, रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून. हबक्कूक मोठ्यांबरोबर वाचा, आठवडा घालवा. वाचल्यावर लगेच बोध विचारू नका. प्रार्थना मुलाला त्याच्या शब्दांत करू द्या, ती मध्येच तुटली तर तुटू द्या. अडलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि रविवारी ती वही घेऊन या. उपासनेनंतर मी थांबते, पाळकसाहेबही असतात. ज्याचं उत्तर आम्हाला येणार नाही, तिथं तसं सांगू, आणि तुमच्याबरोबर पुन्हा वाचायला बसू.